हौशी कराटे, सोलापूर

नोकरी, कॉलेज, दुकान नाहीतर कारखान्यातली पाळी सांभाळून, पैशासाठी नव्हे तर आवडीपोटी शिकलेलं आणि स्पर्धेत खेळलेलं कराटे म्हणजे हौशी कराटे. सोलापुरात त्याचे क्लास शाळेच्या पटांगणावर, कार्यालयाच्या हॉलमधे, सोसायटीच्या गच्चीवर, जिथं जागा मिळेल तिथं भरतात, आणि एकाच रांगेत डॉक्टरचा मुलगा, यंत्रमागावर काम करणारा पंचविशीतला पोरगा आणि विडी कामगार आईची मुलगी शेजारी शेजारी उभी असतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, कुणी मराठी, पण मोजायला लागले की सगळे जपानीत, इची, नी, सान, शी, गो. तायक्वांदो, ज्युदो, वुशू हे खेळही शालेय स्पर्धांत आहेत, पण ही नोंद मुख्यतः कराटेबद्दल आहे.

कराटे मूळचं ओकिनावा बेटांवरचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मधे टोकियोत त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून ते जपानभर पसरलं. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू आणि वाडो-र्यू या त्याच्या चार मुख्य शैली. आपल्याकडे ब्रूस लीच्या सिनेमांनी पोरांना वेड लावलं (तो स्वतः कराटेवाला नव्हता, पण क्लासचं नाव शोधत येणाऱ्या पोरांना त्याच्याशी काय घेणं). सोलापुरात त्याआधीपासून तालमी होत्या, लाल माती होती, दंड-बैठका आणि मिरवणुकीतलं लेझीम होतं, त्यामुळं घाम गाळणं हा प्रकार या शहराला कुणी नव्यानं शिकवायची गरज पडली नाही. फरक एवढाच की कुस्तीत समोरच्याला धरायचं असतं आणि कराटेत अंतर राखून आत घुसायचं आणि लगेच बाहेर पडायचं असतं. तालमीतून आलेल्या पोरांचे पाय मजबूत असतात, पण हात धरायला जातात, ती सवय मोडायला वेळ लागतो.

ट्रेनिंग

शिकवणं तीन भागात चालतं. किहोन म्हणजे एकेक पंच, किक, ब्लॉक सुटा सुटा घोटणं. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, शोतोकानमधे सुरुवात हेइआन शोदानपासून होते आणि हेइआनचे पाच काता झाले की पुढं तेक्की, बास्साई दाई, कांकू दाई. कुमिते म्हणजे समोर माणूस उभा करून खेळणं. नवीन पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना कुमितेचीच घाई असते, पण किहोन कच्चं राहिलं की कुमितेत ते पहिल्या दहा सेकंदात उघडं पडतं, हे कितीही वेळा सांगितलं तरी स्पर्धेत हरल्याशिवाय पटत नाही.

एक ग्याकू झुकी घ्या, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच. बघणाऱ्याला वाटतं हात लांब केला की झालं. खरं तर पंच मागच्या पायाच्या टाचेतून सुरू होतो, टाच जमीन दाबते, गुडघा सरळ होत येतो, कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर अंगाला घासून पुढं जातं आणि मूठ अगदी शेवटच्या क्षणी वळते, आणि दुसरा हात तेवढ्याच वेगानं कंबरेकडं मागं ओढला जातो. कंबर नुसती अर्धा इंच उशिरा फिरली तरी पंच फक्त हाताचा राहतो, दिसायला जोरात पण आत काही नाही. म्हणून सर रांगेतून फिरताना हात बघत नाहीत, कंबर आणि टाच बघतात, आणि अधूनमधून मागून आवाज येतो, "टाच का उचललास बे?"

पण सगळ्यात अवघड गोष्ट पंच मारणं नाही, थांबवणं आहे. स्पर्धेच्या कराटेत डोक्यावर, चेहऱ्यावर तंत्र पूर्ण वेगानं जायला पाहिजे आणि कातडीपाशी थांबायला पाहिजे. ह्यालाच सगळे कंट्रोल म्हणतात. यासाठी एक साधा व्यायाम आहे, एक टॉवेल दोरीला टांगायचा, सोलापुरात टॉवेलची कमी नाही, आणि त्याच्या कडेवर पंच मारायचा, कड थरथरली पाहिजे पण टॉवेल झोका घ्यायला नको. सुरुवातीला सगळ्यांचा टॉवेल मागं उडतो. महिन्याभरानं अंतर डोळ्यात बसायला लागतं, मग जोडीदारावर, आधी हळू, मग वेगात. हे न करता जो थेट फाइटला उभा राहतो तो एकतर घाबरून लांबून हवेत हात मारतो नाहीतर समोरच्याचं नाक फोडतो, आणि दोन्हीत पॉइंट मिळत नाही.

आठवड्याला तीन दिवस दीड तास हे हौशी माणसाला झेपणारं माप आहे. त्याशिवाय सकाळी पळणं, दोरीउड्या, पोटाचे व्यायाम. पुष्कळ जण होम मैदानावर पळतात, जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की तिथं पाळणे आणि स्टॉल लागतात, मग पळणाऱ्यांना दुसरी जागा बघावी लागते. सिमेंटच्या फरशीवर अनवाणी उड्या मारून गुडघे आणि टाचा दुखायला लागतात, म्हणून क्लास निवडताना फीच्या आधी जमीन बघावी, मॅट असेल तर उत्तम, नसेल तर माती बरी.

आणि ऊन. एप्रिल-मे मधे सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, काही दिवस ४३-४४ पर्यंत जातो, आणि शाळांना सुट्ट्या असल्यामुळं उन्हाळी शिबिरं नेमकी तेव्हाच असतात. पत्र्याच्या शेडमधे संध्याकाळी सहालाही भट्टी असते. सकाळी सहा ते साडेसात हीच खरी वेळ. नळाला पाणी रोज येत नाही अशा शहरात क्लासच्या पाण्यावर अवलंबून राहू नये, घरून मोठी बाटली आणि त्यात लिंबू, मीठ, साखर. चक्कर आली, घाम येणं बंद झालं, बोलणं असंबद्ध वाटलं तर "दम लागलाय, होईल बरा" म्हणून पोराला बाजूला बसवून ठेवायचं नाही, सावलीत घेऊन अंग ओलं करायचं आणि लगेच दवाखाना.

पट्टे

पांढऱ्यापासून सुरुवात, मग पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी काळा, क्रम शैलीप्रमाणं थोडा बदलतो. काळ्याच्या आतल्या पायऱ्यांना क्यू म्हणतात, काळ्यापासून पुढं दान. नियमित येणाऱ्याला काळा पट्टा मिळायला चार-पाच वर्षं तरी लागतात, आणि जिथं दर दोन-तीन महिन्याला परीक्षा, दर परीक्षेला फी आणि कुणीच कधी नापास होत नाही, तिथं रंग बदलतो, पोरगं तेच राहतं. कुमितेच्या मॅटवर तसाही तुमचा पट्टा दिसत नाही, तिथं एकाला लाल आणि एकाला निळा पट्टा बांधतात, आका आणि आओ.

सामान

पहिल्या दिवशी सगळं विकत घ्यायची गरज नाही. पहिले दोन महिने ट्रॅक पॅंट आणि टी-शर्टवर चालतं. मग ड्रेस, त्याला गी म्हणतात. कातासाठी जाड कापडाचा, पंच मारला की सट्ट आवाज येणारा, आणि कुमितेसाठी हलका, घाम लवकर वाळणारा. आपल्या हवेत नवशिक्यानं हलकाच घ्यावा. कॉटनचा असेल तर दोन-तीन धुण्यात आटतो, म्हणून थोडा मोठा घ्यायचा, पण फार मोठाही नको कारण स्पर्धेत बाह्या दुमडून चालत नाही, बाही मनगटाच्या पुढं जायला नको, पॅंट घोट्याच्या खाली यायला नको. लांब झाली तर दुमडायची नाही, कापून शिवून घ्यायची. युनिफॉर्म शिवण्यासाठी देशभर नाव असलेल्या या शहरात ते काम करणारा टेलर शोधायला लांब जावं लागत नाही.

कुमितेला हातात मिट्स, पायाला नडगीचं आणि पावलाचं गार्ड, हे लाल आणि निळ्या दोन्ही रंगात लागतं कारण कुठल्या बाजूला नाव येईल ते आधी ठरलेलं नसतं. छातीचं गार्ड, मुलींसाठी वेगळं, लहान मुलांना चेहऱ्याचा मास्क, मुलांना गुप्तांगाचं गार्ड आणि सगळ्यांना दातांचं. मोठ्या स्पर्धांमधे मान्यतेचा शिक्का असलेलंच सामान चालतं, स्वस्तातलं घेऊन पुन्हा घ्यावं लागतं, म्हणून ज्याला खेळायचंच आहे त्यानं एकदाच बरं घ्यावं आणि दुसऱ्या रंगाचं क्लासमधल्या मित्राशी अदलाबदल करावं.

दातांचं गार्ड बहुतेक जण पाकिटातून काढून तसंच तोंडात घालतात, मग ते बोलताना पडतं आणि श्वास अडकतो म्हणून फाइटमधे हातानं काढून टाकतात. ते दातावर बसवून घ्यायचं असतं. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, पाकिटावर सांगितलेला वेळ, साधारण अर्धा मिनिट, गार्ड त्यात ठेवायचं, चमच्यानं काढून क्षणभर पाणी निथळू द्यायचं, आरशासमोर वरच्या दातांवर बसवून चावायचं, आतली हवा ओढून घ्यायची, बाहेरून बोटांनी ओठावर दाबायचं आणि मग गार पाण्यात. नीट बसलं की तोंड उघडलं तरी ते वरच चिकटून राहतं आणि सरांना होकार देताना म्हणतात ते "ओस" म्हणता येतं. लहान पोरांचं हे काम घरातल्या मोठ्यानं करायचं.

चष्मा घालून कुमिते खेळता येत नाही, नखं कापलेली पाहिजेत, अंगठी, कडं, करगोटा, गळ्यातला ताईत आधीच काढून घरी ठेवलेला बरा, ऐनवेळी मॅटवर काढायला लावलं की पोरगं आणि आई दोघंही अस्वस्थ होतात.

स्पर्धा

शाळकरी मुलांसाठी सरळ वाट शालेय क्रीडा स्पर्धांची आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय. मोठ्यांसाठी संघटनांच्या स्पर्धा. पुण्याला बालेवाडीला जायचं असलं की पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, डब्यात अर्धी पोरं पिशव्यांवर झोपलेली आणि बाकीची वजन वाढेल म्हणून भडंगाच्या पुडीकडं नुसती बघत बसलेली.

जागतिक कराटे महासंघाच्या नियमांप्रमाणं मॅट ८ मीटर बाय ८ मीटर. मोठ्यांची फाइट ३ मिनिटांची, त्याखालच्या वयोगटांची २ मिनिटांची, १४ खालच्यांची दीड मिनिटाची. हाताच्या तंत्राला १ पॉइंट, त्याला युको म्हणतात. पोटाछातीवरच्या किकला २, वाझा-आरी. डोक्यावरची किक किंवा खाली पडलेल्यावर मारलेलं स्वच्छ तंत्र म्हणजे इप्पोन, ३ पॉइंट. ८ पॉइंटची आघाडी झाली की फाइट तिथंच संपते. समोरच्याला काही न मिळता पहिला पॉइंट ज्यानं घेतला त्याला सेन्शू मिळतो आणि बरोबरी झाली तर तो जिंकतो, म्हणून पहिला पॉइंट सोन्याचा.

चार कोपऱ्यात चार पंच, म्हणजे इथं निर्णय देणारी माणसं, झेंडे घेऊन बसतात, पॉइंटसाठी निदान दोघांचे झेंडे वर जावे लागतात. "माझ्या पोरानं तीन वेळा मारलं, एकही पॉइंट नाही" ही तक्रार प्रत्येक स्पर्धेत ऐकू येते, आणि बहुतेक वेळा उत्तर हे असतं की मारलं पण हात परत आला नाही, किंवा मारून पाठ फिरवली, किंवा अंतर चुकलं. तंत्रानंतर लक्ष समोरच्यावरच राहिलं पाहिजे, त्याला झानशिन म्हणतात, आणि उड्या मारत सेलिब्रेशन करणाऱ्याचा पॉइंट इथंच जातो. उलट जोरात लागलं, समोरच्याच्या ओठातून रक्त आलं तर मारणाऱ्यालाच दंड बसतो. तायक्वांदोत हे वेगळं आहे, तिथं पायावर भर, छातीच्या गार्डमधे सेन्सर, फिरून मारलेल्या किकला जास्त गुण, डोक्यावर फिरून किक बसली तर सगळ्यात जास्त.

वजनाबद्दल स्पष्टच लिहायला पाहिजे. खालच्या गटात बसावं म्हणून बारा-तेरा वर्षांच्या पोराला दोन दिवस उपाशी ठेवणं, स्वेटर घालून उन्हात पळवणं हे प्रकार होतात आणि ते बंद झाले पाहिजेत. वाढत्या वयात वजन वाढणारच, गट बदला. सोलापूरच्या उन्हात अंगातलं पाणी काढणं हा थेट जिवाशी खेळ आहे. रोजचं जेवण ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाचटणी, अंडी किंवा मटकी, ताक एवढं नीट असलं तरी पुरतं, स्पर्धेच्या सकाळी नेहमीचंच हलकं काहीतरी आणि फाइटच्या मधल्या वेळेत केळी.

डोक्याला मार बसून पोरगं क्षणभर जरी भांबावलं, उलटी झाली, डोकं दुखायला लागलं तर त्या दिवशी ते पुन्हा मॅटवर जात नाही, मग फायनल का असेना, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय क्लासलाही नाही.

सर्टिफिकेट

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यामुळं पुष्कळ घरांत कराटे लावलं जातं, त्यात चूक काही नाही. पण हे फायदे प्रत्येक सर्टिफिकेटवर मिळत नाहीत. एखाद्या हॉलमधे भरलेल्या खाजगी स्पर्धेच्या बॅनरवर "राष्ट्रीय", "आंतरराष्ट्रीय" असं छापलेलं असतं, हजार-दीड हजार एंट्री फी घेतात, प्रत्येकाला मेडल देतात, आणि ते सर्टिफिकेट सरकार दरबारी चालत नाही. पैसे भरायच्या आधी ती स्पर्धा शालेय आहे का, मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावं, आणि नियम बदलत राहतात म्हणून त्या वर्षाचाच शासन निर्णय बघावा. नोकरीसाठी सर्टिफिकेटची क्रीडा विभागाकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. कराटे टोकियो ऑलिंपिकमधे होतं, २०२१ मधे झालेल्या, पण पॅरिस २०२४ ला नव्हतं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसलाही नाही. आशियाई स्पर्धेत मात्र ते १९९४ पासून आहे.

तिशीनंतर सुरू करणारेही आता दिसतात, दुकान बंद करून रात्री नऊच्या बॅचला येणारे. त्यांनी स्ट्रेचिंगला पोरांपेक्षा दुप्पट वेळ द्यावा, आधी बीपी-शुगर तपासून घ्यावं आणि काताकडं जास्त लक्ष द्यावं, त्यात वजनगट नसतो. ज्यांना खेळणं झेपत नाही पण मॅट सोडवत नाही त्यांच्यासाठी पंच परीक्षा असतात, जिल्हा पातळीच्या स्पर्धांना नियम माहीत असलेल्या पंचांची नेहमीच चणचण असते, आणि जिथं दिवसभर अडीचशे-तीनशे पोरं खेळतात तिथं झेंडा धरून बसणारे चार चांगले डोळे असले की रडत घरी जाणारी पोरं कमी होतात.