‘महासंहारक अस्त्रे’: एका शब्दाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे जाहीर झाले. २ तारखेचा हल्ला खरा होता, ४ तारखेचा झालाच नव्हता. तरी ७ तारखेला अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ० मतांनी राष्ट्राध्यक्षांना मोकळे रान दिले. व्हिएतनामचे पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पण सरकार युद्धासाठी जनतेला फसवते, हा आरोप आज ज्या भाषेत होतो ती २००३ च्या इराक युद्धाची देणगी. त्यातही एका शब्दाची.

‘महासंहारक अस्त्रे’ म्हणताना रासायनिक, जैविक आणि अण्वस्त्रे एकाच गाठोड्यात बांधली जातात. वास्तविक मस्टर्ड वायूचा तोफगोळा काही किलोमीटरवर पडतो. अणुबॉम्ब शहर संपवतो. इराकने पहिला प्रकार इराणविरुद्ध वापरला होता, १९८८ मध्ये हलब्जात स्वतःच्याच कुर्द नागरिकांवरही. अणुकार्यक्रम मात्र १९९१ नंतर निरीक्षकांनी मोडून काढला होता. गाठोडे केल्यावर एकाचा इतिहास दुसऱ्याचा पुरावा म्हणून खपतो, आणि तो खपवला गेला.

२४ सप्टेंबर २००२ ला ब्रिटिश सरकारने काढलेल्या पुस्तिकेत, आदेश मिळताच ४५ मिनिटांत इराकला ही अस्त्रे वापरता येतील, असे चार ठिकाणी लिहिले होते. वृत्तपत्रांनी सायप्रसमधले ब्रिटिश तळ लगेच माऱ्याच्या टप्प्यात आणले. मूळ खबर मात्र रणांगणावरच्या छोट्या पल्ल्याच्या दारूगोळ्याची होती, क्षेपणास्त्रांची नव्हे. संरक्षणमंत्र्यांना हे माहीत होते, तसे त्यांनी पुढे चौकशीत सांगितलेही. पण वृत्तपत्रांचा गैरसमज दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही. अशा प्रकरणात खोटे वाक्य बोटाने दाखवता येत नाही, गिळलेले वाक्य दाखवता येते.

इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहतो, जैविक अस्त्रांसाठी ट्रकवर फिरत्या प्रयोगशाळा चालवतो, हे दावेही असेच कोसळले. प्रयोगशाळांची कहाणी तर जर्मनीत आश्रयाला आलेल्या एका इराकीने रचलेली होती. ते उघड झाले तोवर २० मार्च २००३ ला इराकवर आक्रमण होऊन गेले होते.

शब्दांची कसरत दिल्लीतही झाली. या आक्रमणावरच्या एप्रिल २००३ मधल्या लोकसभेच्या ठरावात हिंदीत ‘निंदा’ होती, इंग्रजीत त्याचे सौम्य ‘डिप्लोर’ झाले. विरोधकांना निषेध मिळाला, सरकारला वॉशिंग्टनकडे जायची वाट. जुलैमध्ये मात्र इराकमध्ये सैन्य पाठवायला भारताने नकार दिला, आणि ते बरेच झाले.

२००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने साठे नसल्याचे लिहून दिले. २०१४ मध्ये बातमी आली, की आक्रमणानंतरच्या वर्षांत अमेरिकी सैनिकांना इराकभर मिळून सुमारे ५,००० जुने रासायनिक गोळे व बॉम्ब सापडले होते: १९९१ पूर्वीचे, बरेचसे गंजलेले. युद्धसमर्थकांनी लगेच ‘बघा, होती ना!’ म्हटले. गाठोड्याचा हा उरलासुरला उपयोग.

६ जुलै २०१६ ला इराक युद्धाबाबतच्या ब्रिटिश चौकशीचा १२ खंडांचा अहवाल आला. युद्धाखेरीजचे मार्ग संपण्याआधीच युद्ध सुरू केले आणि धोका नसलेल्या खात्रीने मांडला, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे; तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर खोटे बोलले, असे मात्र नाही. बाहेर जमलेल्या निदर्शकांच्या फलकांवर त्यांच्या आडनावातच ‘लायर’, म्हणजे खोटारडा, कोंबलेला होता.