गेमिंग लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड अपग्रेड

गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड अपग्रेड करणं म्हणजे आतला जुना जीपीयू (चित्र तयार करणारी चिप) काढून त्याजागी जास्त ताकदीचा नवा बसवणं, किंवा आतला तसाच ठेवून बाहेरून केबलने दुसरं कार्ड जोडणं. डेस्कटॉपवर हे काम कोणीही स्क्रू ड्रायव्हर घेऊन करतं. लॅपटॉपवर पहिला प्रकार बहुतेक मॉडेल्समध्ये होतच नाही, दुसरा होतो पण त्यासाठी योग्य पोर्ट लागतो आणि थोडा परफॉर्मन्स सोडावा लागतो. लोकांचा समज असा की कंपन्यांनी स्लॉट दिला असता तर सगळं सोपं झालं असतं, पण स्लॉट दिलेले लॅपटॉप येऊन गेलेत, आणि त्यांच्या मालकांना विचारा, खरी अडचण स्लॉटची नव्हतीच. अडचण होती उष्णतेची, बायोसची (लॅपटॉप चालू होताना पहिलं चालणारं सॉफ्टवेअर) आणि पुढचं कार्ड बाजारात न येण्याची.

आत नेमकं काय असतं

आजच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये जीपीयू सुट्या पाटीवर नसतो. चिपच्या खालच्या बाजूला सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात आणि त्यांनीच ती मदरबोर्डला कायमची चिकटवलेली असते, याला बीजीए म्हणतात. बाजूला व्हीरॅमच्या, म्हणजे जीपीयूच्या स्वतःच्या मेमरीच्या चिप्स, त्याच्या बाजूला पॉवर देणारी सर्किट्स, आणि या सगळ्यावर एकच हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, जो बऱ्याचदा प्रोसेसर आणि जीपीयू दोघांना मिळून असतो. त्यामुळे एक भाग बदलायचा म्हटलं की बाकीचे तीन प्रश्न आपोआप समोर येतात.

मग चिपच काढून दुसरी लावली तर? रिपेअरवाले बीजीए रीवर्क मशीनवर गरम करून चिप काढतात आणि नवी बसवतात, पण ते सहसा तीच चिप खराब झाली म्हणून तशीच दुसरी टाकतात. पिढी बदलली की चिपखालच्या गोळ्यांची मांडणी बदलते, म्हणून एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० च्या जागी ४०६० सोल्डर करायची कल्पना तिथेच संपते. एकाच पिढीतली वरची चिप किंवा दुप्पट क्षमतेची व्हीरॅम लावण्याचे प्रयोग हात बसलेले लोक करतात, त्यातही व्हीबायोस (ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा बायोस) जुळवावा लागतो, बोर्डवरचे बारीक रेझिस्टर बदलावे लागतात, आणि बिघडलं तर पूर्ण मदरबोर्ड गेला. घरी हेअर ड्रायर किंवा ओव्हनमध्ये बोर्ड गरम करण्याचे सल्ले अजून फिरत असतात, त्यांचं मूळ २००८ च्या आसपासचं आहे, तेव्हा एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिप्समध्ये पॅकेजिंगचा दोष निघाला होता आणि गरम केल्यावर त्या काही दिवस पुन्हा चालायच्या. तो दुरुस्तीचा तात्पुरता जुगाड होता, अपग्रेडशी त्याचा काही संबंध नाही.

एक मधला रस्ता आहे. काही मॉडेल्स एकाच बॉडीमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या जीपीयूंसह विकली जातात, तर वरच्या व्हर्जनचा अख्खा मदरबोर्ड आणून बसवता येतो. मात्र त्याच व्हर्जनचा हीटसिंक, कधी पंखे आणि मोठा चार्जरही लागतो, प्रोसेसर बोर्डालाच चिकटलेला असल्यामुळे त्याचेही पैसे पुन्हा मोजायला लागतात, आणि सगळी बेरीज केली की जुना लॅपटॉप विकून वरचा घेणं जवळपास त्याच भावात पडतं.

वॅटचं गणित

लॅपटॉपच्या जीपीयूचं नाव वाचून फसू नये. एकच चिप कंपन्या वेगवेगळ्या पॉवर लिमिटवर चालवतात, हिला टीजीपी म्हणतात. आरटीएक्स ३०६० ची लॅपटॉप आवृत्ती ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत असते, ४०६० ची ३५ पासून ११५ पर्यंत, म्हणजे बॉक्सवर नाव तेच पण गेममध्ये फरक चांगलाच. वरच्या टोकाला तर नावही तसंच फिरवलेलं असतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची भूक, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी, आणि आतली चिप खरं तर डेस्कटॉपच्या ४०८० मधली. लॅपटॉपच्या पातळ बॉडीत ४५० वॅटची उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते, चार्जर आणि बॅटरीचंही तेच.

म्हणून समजा जादूने तुमच्या लॅपटॉपमध्ये वरची चिप बसलीच, तरी ८० वॅटसाठी बनवलेला हीटसिंक १४० वॅट सांभाळू शकत नाही आणि चिप तापून स्वतःच वेग कमी करते. काहीजण चिप न बदलता फक्त जास्त वॅटचा व्हीबायोस फ्लॅश करतात, म्हणजे जुन्यावर लिहितात. हे कधी कधी चालतं, पण कूलिंग आणि पॉवर सर्किट तेवढं दमदार असेल तरच, आणि फ्लॅश चुकला तर स्क्रीन काळी, मग बाहेरच्या प्रोग्रामरने चिपवर जुना व्हीबायोस परत लिहिण्याशिवाय उपाय नाही. मूळ व्हीबायोसची कॉपी आधी काढून ठेवलेली नसेल तर तेही अवघड.

एमएक्सएमचा काळ

सुटी कार्डं लॅपटॉपमध्ये यायची तो काळ एमएक्सएमचा. २००४ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांसोबत हे स्टँडर्ड आणलं, कल्पना अशी की छोटं कार्ड स्लॉटमध्ये तिरकं घालायचं, दाबायचं, स्क्रू लावायचे, झालं. एमएक्सएम ३.० मध्ये दोन मापं होती, ए म्हणजे ८२ बाय ७० मिलिमीटर आणि साधारण ५५ वॅटपर्यंत, बी म्हणजे ८२ बाय १०५ मिलिमीटर आणि त्याहून बऱ्याच जास्त वॅटचं. क्लेव्होचे जाडजूड लॅपटॉप, एमएसआयचे काही मोठे मॉडेल, डेल आणि एचपीची वर्कस्टेशन्स यांच्यात ही कार्डं होती. गंमत म्हणजे ॲपलच्या २०११ च्या आयमॅकमध्येही होती, आणि लोकांनी त्यात वर्कस्टेशन लॅपटॉपची जुनी क्वाड्रो कार्डं घालून ते आयमॅक चालू ठेवले.

कागदावर हे स्टँडर्ड होतं, प्रत्यक्षात दर कंपनीने आपला हात फिरवलेला. कनेक्टर जुळायचा, पण नव्या कार्डावरची मेमरी किंवा कॉइल थोडी उंच असली की जुना हीटसिंक चिपला टेकायचाच नाही, किंवा स्क्रूची भोकं दोन मिलिमीटर इकडेतिकडे. हे सगळं तासून, थर्मल पॅडची जाडी बदलून जुळवलं तरी पुढे बायोस आडवा यायचा, तो अनोळखी कार्ड बघून बूटच करायचा नाही, किंवा बूट करून पंख्याचा स्पीड वाढवायचा नाही. तिथून सुटलं तर विंडोजमध्ये ड्रायव्हर म्हणायचा की या लॅपटॉपवर हे हार्डवेअर मला माहीत नाही, मग ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये हाताने डिव्हाइस आयडी टाकायचा, ड्रायव्हर सिग्नेचरची तपासणी बंद करायची आणि मग इन्स्टॉल. ज्यांना हे करण्यातच मजा यायची त्यांच्यासाठी तो सुवर्णकाळ होता, बाकीच्यांसाठी मनस्ताप. पुढे जीटीएक्स १०८० सारख्या चिप्स आल्या तेव्हा कार्डं ठरलेल्या मापाच्या बाहेर गेली, जादा पॉवर कनेक्टर आले, आणि दुसरीकडे बाजार पातळ लॅपटॉपकडे वळला. गेमिंगमधून एमएक्सएम तिथून हळूहळू संपलं, आता ते मुख्यतः औद्योगिक आणि एम्बेडेड मशीनमध्ये दिसतं.

त्याच काळात लेनोवोने वेगळी शक्कल लढवली होती. आयडियापॅड वाय५०० मध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे दुसरं जीटी ६५०एम कार्ड सरकवायचं आणि दोन्ही एसएलआयमध्ये, म्हणजे जोडीने एकाच गेमवर चालवायची. चालायचं, पण एसएलआयला नीट सपोर्ट करणाऱ्या गेमपुरतंच.

स्लॉट आला, पुढचं कार्ड कुठे आहे?

जानेवारी २०१९ मध्ये एलियनवेअरने एरिया-५१एम दाखवला, डेस्कटॉपचा प्रोसेसर, दोन-दोन पॉवर ॲडॅप्टर, आणि डीजीएफएफ नावाचं डेलचं स्वतःचं सुटं ग्राफिक्स मॉड्यूल. अपग्रेड होणारा लॅपटॉप म्हणून भरपूर गाजावाजा झाला. कमी ताकदीचं कार्ड घेतलेल्यांना त्याच आरटीएक्स २० मालिकेतल्या वरच्या कार्डाचे किट मिळाले, पण पुढच्या पिढीची कार्डं त्या मॉड्यूलमध्ये आलीच नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत यावरून ग्राहकाने दिशाभूल करणारी जाहिरात केल्याची केस टाकली. मॉड्यूल एकाच कंपनीचं असेल आणि त्या कंपनीने पुढचं बनवलं नाही, तर स्लॉट असून नसून सारखाच.

या बाबतीत फ्रेमवर्क लॅपटॉप १६ ची गोष्ट वेगळी आहे आणि म्हणूनच थोडं थांबून बघण्यासारखी. २०२४ च्या सुरुवातीला तो लोकांच्या हातात आला तेव्हा मागच्या बाजूला एक बे होता, त्यात एएमडी रेडिऑन आरएक्स ७७००एस चं मॉड्यूल बसायचं, जोडणी पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधली डेटाची वाट) ८ लेनची. महत्त्वाचं हे की हीटसिंक आणि पंखे मॉड्यूलसोबतच येतात, म्हणजे एमएक्सएमला ज्या कूलिंगने छळलं तो प्रश्न कार्डासोबतच सुटतो. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर केलं जे आधीच्या लॅपटॉपमध्येही बसतं, एएमडीवरून थेट एनव्हिडियावर. टीका करायला जागा आहेच, दोन्ही मॉड्यूल १०० वॅटच्या आसपास आणि दोन्हीत व्हीरॅम ८ जीबीच, त्यामुळे उडी लोकांना हवी होती तेवढी मोठी नाही. पण अपग्रेडेबल हा शब्द वापरणाऱ्या कंपनीकडे मी तरी एवढंच बघेन की दुसरं कार्ड खरंच आलं का, आणि इथे ते आलं.

बाहेरून कार्ड जोडणं

बाकी सगळ्यांसाठी उरतो तो एक्स्टर्नल जीपीयू, म्हणजे ईजीपीयू. डेस्कटॉपचं साधं कार्ड एका डब्यात किंवा उघड्या डॉकवर, त्याला वेगळा पॉवर सप्लाय, आणि तिथून केबल लॅपटॉपमध्ये. प्रयत्न जुने आहेत, एएमडीने २००८ मध्ये एक्सजीपी आणलं होतं, एलियनवेअरने २०१४ मध्ये स्वतःच्या कनेक्टरचा ग्राफिक्स ॲम्प्लिफायर, पण ही गोष्ट पसरली ती थंडरबोल्ट ३ या वेगवान पोर्टनंतर, २०१६ च्या रेझर कोअरसारख्या डब्यांमुळे. आसुसने २०२१ मध्ये एक्सजी मोबाइल आणलं, ते आधी फक्त त्यांच्याच ठराविक लॅपटॉपना लागायचं. मॅकवाल्यांना २०१८ मध्ये अधिकृत सपोर्ट मिळाला आणि ॲपलच्या स्वतःच्या चिप्स आल्यावर तो गेला.

अडचण केबलच्या रुंदीची. थंडरबोल्ट ३ आणि ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट, त्यातही कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२ येतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. डेस्कटॉपमध्ये त्याच कार्डाला पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १६ लेन मिळतात, म्हणजे सुमारे २५० गिगाबिट. हंडाभर पाणी नळीतून ओतल्यासारखं होतं. तरी नुकसान सगळीकडे सारखं नसतं, १०८० पी वर खूप जास्त एफपीएस (सेकंदाला फ्रेम) काढणाऱ्या गेममध्ये फटका जास्त, ४के वर कमी, कारण तिथे कार्ड स्वतःच्याच कामात अडकलेलं असतं. आणि मॉनिटर थेट बाहेरच्या कार्डाला लावायचा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळलात तर तयार फ्रेम त्याच केबलने परत आत येते आणि अजून काही टक्के जातात.

ऑक्युलिंक, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस थेट केबलने बाहेर काढणारा पोर्ट, हा जरा उघडाबोडका पण वेगवान पर्याय, ४ लेनवर जवळपास ६४ गिगाबिट आणि मधे कंट्रोलर नाही. पोर्ट नसेल तर एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून ॲडॅप्टरने काढतात, मग एक एसएसडी स्लॉट जातो आणि खालचं झाकण नीट बसत नाही. चालू मशीनवर काढघाल करायची नाही, आधी शटडाउन. थंडरबोल्ट ५ वर कार्डासाठीही ६४ गिगाबिटपर्यंत मिळतात आणि केबल कधीही काढता येते, पण ते सध्या महाग लॅपटॉपवरच दिसतं.

डबा घ्यायच्या आधी पोर्ट तपासा, हे किती वेळा सांगितलं तरी कमीच. टाइप-सी दिसतो म्हणजे थंडरबोल्ट असतोच असं नाही, बऱ्याच स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये तो फक्त डेटा आणि डिस्प्लेचा असतो. यूएसबी४ असेल तरी त्यातून पीसीआय एक्सप्रेस जातं का हे स्पेसिफिकेशनमध्ये बघायला लागतं. प्रोसेसर जुना चार कोअरचा असेल तर कितीही मोठं कार्ड लावा, तो त्याला काम पुरवू शकणार नाही. डब्यातलं कार्ड उद्या डेस्कटॉपमध्ये जाऊ शकतं हा मात्र याचा मोठा फायदा, डबा महाग वाटला तरी कार्डाचे पैसे वाया जात नाहीत.

कार्ड न बदलता

काही लॅपटॉप मुळातच अर्ध्या ताकदीवर चालत असतात. एकच रॅम स्टिक असेल तर दुसरी टाकून ड्युअल चॅनल केल्यावर बऱ्याच गेममध्ये फरक स्पष्ट दिसतो, विशेषतः मिनिमम एफपीएसमध्ये. मक्स स्विच (स्क्रीन कोणत्या जीपीयूला जोडायची ते ठरवणारा) असेल तर तो डिस्क्रीट, म्हणजे वेगळ्या जीपीयूवर टाकावा, नाहीतर प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येते. बॅटरीवर खेळू नये. दोन-तीन वर्षांत थर्मल पेस्ट सुकते, ती बदलली आणि पंख्यातली धूळ काढली की तापमान उतरतं आणि चिप आपला वेग टिकवते. पेस्टऐवजी लावायच्या लिक्विड मेटलच्या नादी मात्र सावधपणे लागावं, ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं. कमी रिझोल्यूशनची फ्रेम मोठी करून एफपीएस वाढवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस आरटीएक्स कार्डांवरच चालतं, तेच काम करणारं एएमडीचं २०२१ मधलं पहिलं एफएसआर मात्र जुन्या जीटीएक्सवरही चालतं आणि क्वालिटी मोडवर चित्र फार बिघडत नाही. या सगळ्याने न सुटणारी एकच गोष्ट म्हणजे व्हीरॅम. ४ किंवा ६ जीबी भरली की गेम अडखळायला लागतो आणि तिथे टेक्स्चर सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणावं लागतं.