तारमास्तरचा कान

तारेचा आवाज कसा असतो, असं विचारलं की जुनी माणसं ‘कट्ट, कडकट्ट’ करून दाखवतात. ही नक्कल अगदी बरोबर आहे. सिनेमात ऐकू येणारा ‘पीं-पीं’ सूर पुढे बिनतारी संदेशांबरोबर आला. तारेच्या यंत्रातून नुसते खटके निघत. मोर्स लिपीत अक्षरं बनतात ती आखूड ‘डॉट’ आणि लांब ‘डॅश’ या खुणांची, पण खटका काही लांब-आखूड नसतो. मग डॉट कुठला आणि डॅश कुठला, हे कानाला कळायचं कसं?

ही लिपी ज्यांच्या नावाची, त्या खुद्द सॅम्युअल मोर्स यांची भिस्त डोळ्यांवर होती. 24 मे 1844 रोजी त्यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पाठवलेला संदेश कागदी पट्टीवर उमटला. पट्टी सरकत राहायची आणि प्रवाह चालू असेल तितका वेळ टोचणी तिच्यावर दाबलेली असायची. पण दिवसभर त्या यंत्राशेजारी बसणाऱ्या ऑपरेटरांना हळूहळू पट्टीकडे न बघताच मजकूर कळू लागला. मालकांना हे आधी रुचलं नाही. कागद हा पुरावा. कानाचा काय भरवसा? पण ऐकून लिहिणं जलद व्हायचं. 1850च्या दशकात पट्टीला रजा देणारं, फक्त आवाज करणारं ‘साउंडर’ आलं.

साउंडर म्हणजे विद्युतचुंबक आणि त्याच्यावर स्प्रिंगने उचलून धरलेली धातूची दांडी. पलीकडच्याने ‘की’ (संदेश पाठवायची कळ) दाबली की चुंबक दांडी खाली खेचतो: ‘कट्’. की सोडली की स्प्रिंग तिला वर आपटते: ‘खट्’. म्हणजे प्रत्येक खुणेचे खटके दोन, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. ते लागोपाठ आले तर डॉट, मध्ये जरा दम घेऊन आले तर डॅश. तारमास्तर अक्षर ओळखायचा ते खटक्यांमधल्या शांततेवरून! मला या यंत्रातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. अमेरिकी मोर्स लिपीत तर ‘आय’ म्हणजे दोन डॉट आणि ‘ओ’ म्हणजेही दोन डॉटच. फक्त ‘ओ’च्या पोटात विसावा थोडा जास्त.

लांबून येणारा प्रवाह क्षीण झालेला असायचा. तो रिले नावाचा नाजूक स्विच तेवढा हलवायचा. साउंडरला जोर मिळायचा तो जागेवरच्या बॅटरीचा. तरीही गजबजलेल्या खोलीत आपलंच यंत्र ऐकू येणं सोपं नव्हतं. त्यासाठी साउंडर लाकडी खोक्यात बसवत. अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनांवर तर तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा त्याच्यामागे खोचत. आवाज खणखणीत यायचा. तरुणपणी तार ऑपरेटर असलेल्या थॉमस एडिसन यांना कमी ऐकू येई, पण या कामात त्यांना तो फायदाच वाटे. समोरच्या साउंडरचे खटके त्यांना नीट कळत आणि शेजारच्या यंत्रांचा गलका त्रास देत नसे.

मुरलेला ऑपरेटर डॉट-डॅश मोजत बसत नसे. त्याला शब्दच्या शब्द ऐकू येत आणि लिहिणारा हात कानाच्या दोन-चार शब्द मागून चाले. पलीकडे की कोणाच्या बोटांखाली आहे, हेसुद्धा तो नुसत्या लयीवरून ओळखायचा.