खत घातलं की मरणारी झाडं

ऑस्ट्रेलियात पर्थच्या नर्सरीत खताच्या पिशव्यांमध्ये एक वेगळी पिशवी असते, तिथल्या मूळच्या झाडांसाठी, आणि त्यात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. कारण आपण गुलाबाला घालतो तसलं नेहमीचं खत बँक्सिया नावाच्या तिथल्या मूळच्या झाडाला घातलं तर पानं पिवळी पडतात, करपतात आणि बरेचदा झाड मरूनच जातं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटेचना, कारण फॉस्फरसशिवाय कुठलंच झाड जगत नाही, बँक्सियासुद्धा नाही, मग त्यानेच ते मरतं कसं?

त्यासाठी आधी जमीन बघायला लागते. पर्थ आहे तो ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा साधारण आपल्या महाराष्ट्राएवढा, ३ लाख चौरस किलोमीटर. पण आपला दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तिथला यिलगार्नचा खडक २५० कोटींहून जुना. मातीत नवीन फॉस्फरस येतो तो खडकातून, म्हणजे ज्वालामुखी लाव्हा ओततो, डोंगर वर उचलले जातात किंवा हिमनद्या खडक दळून भुगा करतात तेव्हा. इथे शेवटच्या मोठ्या हिमनद्या होऊन गेल्या त्याला २५ कोटींपेक्षा जास्त वर्षं झाली, त्यानंतर पाऊस फक्त धूत राहिला. नायट्रोजनचं एक बरं असतं, तो हवेतून पकडणारे जिवाणू असतात, फॉस्फरसला तशी सोय नाही, गेला की गेला. जो उरलाय तो लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला असा घट्ट चिकटलाय की डबा आहे पण झाकण उघडत नाही अशी गत.

आता अशा जमिनीवर चार खुरटी झुडपं असतील असं वाटेल ना? तिथे ८ हजारांच्या आसपास प्रकारच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत! पर्थच्या उत्तरेला जुरियन बेजवळ समुद्रकाठी वाळूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत, काठाजवळच्या काही हजार वर्षांच्या आणि आत जाल तशा जुन्या होत होत अगदी २० लाख वर्षांपर्यंतच्या. सगळ्यात कमी फॉस्फरस सगळ्यात जुन्या वाळूत, आणि झाडांचे सगळ्यात जास्त प्रकारही तिथेच. सुपीक जमिनीत दोन-चार दांडगी झाडं भराभर वाढून बाकीच्यांचा उजेड खातात, इथे दांडगाई करायला कुणाकडेच भांडवल नाही, त्यामुळे कोट्यवधी वर्षांत ज्याने त्याने आपापला मार्ग शोधला. (विविधतेचं हे एकच कारण नाही, पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं.)

बँक्सियाचा मार्ग मुळांचा. पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, मुळांवर बारीक मुळ्यांचे दाट झुपके येतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. ते जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात आणि त्यातले थोडेच दिवस मातीत सायट्रेटसारखी आम्लं ओततात, लिंबातल्या आम्लाचाच प्रकार, त्याने लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटतो आणि मुळं तो पटकन ओढून घेतात. जगातली बहुतेक झाडं या कामाला बुरशीची मदत घेतात, बँक्सियाच्या कुळातली बहुतेक घेत नाहीत. आपल्याकडे चहाच्या मळ्यात आणि रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक याच कुळातला, मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा, आणि त्याच्याही मुळांना असे झुपके येतात.

मिळवलेला फॉस्फरस वापरायची काटकसर तर बघाच. पान गळायच्या आधी त्यातला बहुतेक फॉस्फरस झाड परत काढून घेतं, खाली पडतो तो रिकामा पाला. पेशींच्या पडद्यांत जिथे फॉस्फरसवाले स्निग्ध पदार्थ लागतात तिथे यातली बरीच झाडं साखर नाहीतर गंधक असलेले पदार्थ वापरून भागवतात. वाचवलेलं सगळं जातं बीमध्ये, कारण पिल्लाला शिदोरी द्यायला हवी, आणि अनेक जातींत ते बी लाकडासारख्या टणक फळात वर्षानुवर्षं बंद राहतं, वणवा लागला की उघडतं.

म्हणूनच खताने घोटाळा होतो. लाखो वर्षं फॉस्फरस जास्त झालाय असं कधी घडलंच नाही, त्यामुळे यातल्या बऱ्याच जातींत 'आता पुरे' म्हणणारी यंत्रणाच कमजोर आहे, मुळं ओढत राहतात आणि पानात विष साठतं.

बाकीच्यांचे मार्ग वेगळे. किडे खाणाऱ्या ड्रोसेराच्या सगळ्यात जास्त जाती याच कोपऱ्यात सापडतात. कासच्या कातळावर बारीक लाल दवबिंदू बघितला असेल तर तो त्यांचाच भाऊबंद, जांभ्यावरची माती अशीच हलाखीची. आणि नुइट्सिया म्हणून एक चक्क झाडाएवढं बांडगूळ आहे, तिथले मूळचे रहिवासी नूंगार लोक त्याला मूडजार म्हणतात, ते जमिनीखाली शेजाऱ्यांची मुळं कापून रस पितं, पुरलेल्या केबलींनासुद्धा मुळं समजून त्याने चावे घेतलेत.

यातलं पुष्कळ रान गेल्या शतकात गव्हासाठी साफ केलं गेलं आणि शेतात वर्षानुवर्षं सुपरफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं खत, पडलं. आता काही ठिकाणी लोक मनापासून ते रान परत आणायला बघतात, पण शेती थांबून दशकं झाली तरी खताचा फॉस्फरस मातीतून जात नाही, बाहेरून आलेलं तण त्यावर माजतं आणि मूळच्या रोपांना तिथे पाय रोवणं अवघड जातं.