मोठा सेक्टर साइझ : व्हर्च्युअल मशीनमधलं सेटिंग

व्हर्च्युअल मशीनची डिस्क बहुतेक वेळा होस्टवरची, म्हणजे खऱ्या मशीनवरची, एक फाइल असते, त्यामुळे गेस्टला, म्हणजे आतल्या सिस्टिमला, सेक्टर (डिस्क वाचण्या-लिहिण्याचा सर्वात लहान तुकडा) केवढा दाखवायचा ते एम्युलेटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ठरवतं. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये त्यासाठी लॉजिकल ब्लॉक साइझ (गेस्ट ज्या मापाने वाचतो-लिहितो) आणि फिजिकल ब्लॉक साइझ (डिस्क आतून ज्या मापाने लिहिते असं गेस्टला सांगितलं जातं) अशा दोन प्रॉपर्टी आहेत, व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये हेच ब्लॉकआयओ टॅगमध्ये लिहितात. काही सांगितलं नाही तर साधारणपणे ५१२ बाइट.

हे ५१२ आलं कुठून यावर एकमत नाही. बरेच जण १९८१ च्या आयबीएम पीसीकडे बोट दाखवतात, पण त्याआधीच पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरच्या आरके०५ डिस्कवर सेक्टर २५६ शब्दांचा होता, शब्द १६ बिटांचा, म्हणजे बरोबर ५१२ बाइट, त्यामुळे मूळ मिनीकॉम्प्युटरकडे शोधणं जास्त पटतं. ४०९६ बाइटच्या हार्ड डिस्क साधारण २००९ च्या अखेरीपासून बाजारात यायला लागल्या, त्याही सुरुवातीला बाहेरून ५१२ च दाखवणाऱ्या.

खरी अडचण लॉजिकल साइझ बदलल्यावर येते. जीपीटीचा (डिस्कवरच्या पार्टिशनची यादी) हेडर सेक्टर १ वर असतो. ५१२ ला तो ५१२ व्या बाइटवर, ४०९६ ला ४०९६ व्या बाइटवर, म्हणून ५१२ वर पार्टिशन केलेली इमेज ४०९६ करून लावली की डेटा जिथल्या तिथे असूनही पार्टिशन दिसत नाहीत. क्यूएमूचं नेहमीचं बायोस, सीबायोस, ४०९६ च्या डिस्कवरून बूट करत नाही, त्यासाठी ओव्हीएमएफ हे यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं) फर्मवेअर लागतं. आयडीई या जुन्या पद्धतीच्या डिस्क जोडणीवर तर लॉजिकल ५१२ शिवाय काही चालतच नाही.

नाशिकला सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधला विंडोज एक्सपीवाला पीसी व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवायचा असेल तर लॉजिकल ५१२ च ठेवावा, कारण एक्सपीला ४०९६ ची डिस्क झेपत नाही. एक्सपीचं पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू होतं, म्हणजे ३२२५६ व्या बाइटला, आणि याला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे खाली ४के, म्हणजे ४०९६ बाइटची, डिस्क असली की बऱ्याच राइटला आधी वाच, मग बदल, मग लिही असं होत बसतं. यावर उपाय फिजिकल साइझ बदलण्याचा नाही, कारण एक्सपी ते बघतच नाही. पार्टिशनची सुरुवात २०४८ व्या सेक्टरला सरकवायची. व्हर्ट-अलाइनमेंट-स्कॅन हे टूल चालवलं की कुठलं पार्टिशन तिरकं बसलंय ते लगेच कळतं.

४०९६ च्या पुढे क्यूएमू २०२० पासून २ एमबीपर्यंत आकडा घेतो, पण तो दोनचा घात हवा आणि गेस्टच्या कर्नललाही तो चालला पाहिजे.