गळका रेडिएटर घरी बदलताना
सांगली, मिरज, कुपवाड परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक मॅन्युअल गिअरच्या छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. रेडिएटर बदलणं म्हणजे दोन पाइप, एक फॅन आणि चार-सहा बोल्ट. हातात पान्हा धरायची सवय असेल तर अर्ध्या दिवसात काम होतं. बदलल्यानंतर ज्या तक्रारी येतात त्या सहसा फिटिंगच्या नसतात. एक तर गळती मुळात रेडिएटरची नसते, नाहीतर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरताना आत हवा राहिलेली असते. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर आधी विचारून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या प्रकारांच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर ऑइल थंड करायची नळी रेडिएटरच्याच टाकीतून जाते. ते काम गॅरेजवाल्याकडे द्यावं. एएमटी गाडीला, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच जिथे आपोआप बदलतो तिला, ही अडचण नाही.

गळतंय कुठून, ते आधी ठरवा

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग बघा. डाव्या सीटच्या खाली पडलेलं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको. कूलंट रंगीत असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. चव मात्र बघू नका, ते विषारी आहे.

हल्लीच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. मध्ये रबरी गॅसकेट ठेवून जाळीच्या कडेचे पत्र्याचे दात टाकीवर दुमडलेले असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून प्लास्टिक कडक होतं, गॅसकेट चपटं पडतं आणि गळती बहुतेक वेळा या जोडावरच सुरू होते. गरम इंजिनावर थेंब खाली पडण्याआधीच वाळून जातो, म्हणून जमीन कोरडी दिसली तरी फसू नका. गाडी थंड असताना बॅटरीच्या उजेडात जोडाची पूर्ण कड बघा. पांढरी किंवा हिरवट, मिठासारखी खरखरीत रेघ दिसली तर तीच जागा. दुसरी नेहमीची जागा म्हणजे वरचा पाइप बसतो ते प्लास्टिकचं तोंड. त्याच्या बुडाशी केसाएवढी चीर असते आणि पाइप किंचित हलवला की ओल दिसते.

जाळी कोरडी असेल तर पुढची ठिकाणं तपासा: पाइपच्या चारही क्लिपा, झाकणाचं रबर, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, आणि डाव्या सीटसमोर पाय ठेवतात तिथला गालिचा. गालिचा ओला आणि काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल तर हीटरची जाळी गळते आहे, रेडिएटर नाही.

आणि ही लक्षणं असतील तर रेडिएटर विकत घेऊच नका: थंड गाडी चालू करताच दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होणं, झाकण काढून गाडी चालू केल्यावर आत बुडबुडे सतत येत राहणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर. ही हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेल्याची चिन्हं आहेत. नवा रेडिएटर घातला तरी गाडी पाणी खातच राहील. शंका असेल तर थंड गाडी दुकानावर आणा, प्रेशर टेस्टर लावून बघता येतं.

आता हळदीबद्दल. अडचणीत रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही ड्रायव्हर मंडळींची जुनी युक्ती आहे, आणि आपल्या सांगलीत हळदीला तोटा नाही. सुईच्या टोकाएवढं भोक ती काही वेळ बुजवतेही. पण दुमडीच्या जोडावर तिचा उपयोग नाही, आणि नंतर तिचाच गाळ होऊन हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आंबा घाटात रात्री अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक. पण आधी हळद किंवा लीक थांबवणारी पावडर टाकली असेल तर नवा रेडिएटर लावण्यापूर्वी आतलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं लागेल, नाहीतर तो गाळ नव्या जाळीत जाईल.

पार्ट घेताना

येताना आरसी घेऊन या. एकाच नावाच्या गाडीला वर्षाप्रमाणे, इंधनाप्रमाणे वेगवेगळे रेडिएटर येतात, त्यामुळे "अमुक गाडीचा द्या" एवढ्यावर भागत नाही. त्याहून बरं म्हणजे जुना रेडिएटर काढून दुचाकीवरून सोबत आणणं. काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून पाइपच्या तोंडांची जाडी आणि दिशा, खालच्या खुंट्या, फॅनची भोकं, जाळीची जाडी आणि सेन्सरची जागा जुळवा. यातलं एक जरी जुळत नसेल तरी "बसेल कसाही" म्हणून नेऊ नका.

सोबत चार नव्या क्लिपा घ्या. पाइप दाबून बघा: चिरा दिसल्या, टोक फुगलेलं असलं किंवा रबर मऊ पडलेलं असलं तर दोन्ही पाइप बदला. खालच्या रबरी बुशी आणि झाकणही नवं घ्या. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा (बारमध्ये) आकडा असतो, तो जुन्याइतकाच हवा. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या झाकणाखाली तेच ११८ अंशांच्या आसपास. त्यामुळे झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर धडधाकट रेडिएटर असूनही गाडी घाटात पाणी फेकते. मोठ्या आकड्याचं झाकण लावून गाडी जास्त थंड राहत नाही, जुने पाइप आणि हीटर मात्र लवकर फुटतात.

हत्यारं साधीच लागतात: ८, १०, १२ आणि १३ चे सॉकेट, फुली आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नरसाळं, दहा लिटरचा टब आणि जाळी झाकायला पुठ्ठा.

काढताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, किमान दोन तास बंद असू द्या. वरचा पाइप हाताने दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे, झाकणाला हात लावू नका. गरम झाकण उघडल्यावर उकळतं पाणी तोंडावर येतं, कापड गुंडाळून उघडणं हा त्यावर उपाय नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत फॅन आपोआप फिरतो आणि बोटं तिथेच असतात. गाडी उचलायची असेल तर जॅकवर विसंबून खाली जाऊ नका, स्टँड लावा. विटा चालणार नाहीत, त्या वजनाखाली एकदम फुटतात.

खालच्या बाजूचा ड्रेन कॉक सोडून कूलंट टबात घ्या. कॉक प्लास्टिकचा आणि जुना असेल तर तुटतो. तो घट्ट असेल तर जोर करू नका, सरळ खालचा पाइप काढा. टब भरला की लगेच झाका. गोड वासाने कुत्री-मांजरं ते पितात आणि थोड्याशा कूलंटनेही मरतात. नाल्यात ओतू नका, गटारातून ते शेवटी कृष्णेतच जातं. बंद कॅनमध्ये आणून दिलंत तर आम्ही घेतो.

पाइप चिकटला असेल तर ओढू नका आणि स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. हाताने गोल फिरवून सुटतो का बघा. नाही सुटला तर आणि तो बदलायचाच असेल तर ब्लेडने लांबीत चीर द्या. पण इंजिनाच्या बाजूचं तोंड ॲल्युमिनियमचं असतं, तिथे ब्लेडचा ओरखडा पडला तर कितीही आवळलं तरी ती जागा पाझरत राहते.

मग फॅनचा प्लग, फॅनची चौकट, वरचे दोन ब्रॅकेट, या क्रमाने. काही गाड्यांत त्याआधी ग्रिल किंवा बम्पर उतरवावा लागतो. एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, बऱ्याचदा रेडिएटरलाच बोल्टने धरलेली असते. तिच्या नळ्यांचे नट सोडू नका, आत दाबाखाली गॅस आहे. फक्त धरणारे बोल्ट काढा आणि कंडेन्सर समोरच्या पट्टीला सुतळीने बांधून ठेवा, म्हणजे नळ्यांवर वजन येणार नाही. रेडिएटर सरळ वर उचला.

आता दोन जाळ्यांच्या मधली जागा मोकळी दिसेल. इथे थांबून बघण्यासारखं असतं. उसाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांत पाचटाचा भुसा, किडे आणि ऑइलची धूळ यांचा नमदा तयार झालेला असतो. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभ्या असलेल्या गाडीत तर वाळलेला गाळही सापडतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधून हवाच जात नाही. मऊ ब्रश आणि साध्या नळीचं पाणी, इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारा. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप जवळून मारला तर जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात.

बसवताना

नव्या रेडिएटरच्या तोंडातल्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्यात ना, बघा. हसू नका, हे होतं. खालच्या खुंट्या बुशीत नीट बसल्याशिवाय वरचे ब्रॅकेट आवळू नका, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा धक्का प्लास्टिकच्या टाकीवर येतो. जाळीला पुठ्ठा लावूनच फॅन आत सोडा. पाइपच्या तोंडाला ऑइल किंवा ग्रीस नको, थोडं कूलंट लावलं की पाइप सरकतो. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे, पाइपच्या टोकापासून ४-५ मिलिमीटर आत. उंचवट्यावरच बसलेली क्लिप दाब आला की घसरते. स्क्रूची क्लिप रबर किंचित दबेपर्यंतच आवळा, रबर पट्टीच्या खाचांतून वर यायला लागलं म्हणजे जास्त झालं.

काय भरायचं, किती भरायचं

बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडे ते जड असतं. बादलीत बसणारा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो, शिवाय क्षार ॲल्युमिनियम खातात. आरओचं पाणीही नको. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. इथे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं काही जण विचारतात. कूलंट इथे गंज रोखायला, पंपाचं सील जपायला आणि उकळी लांबवायला लागतं. रंगावरून कूलंट ठरवू नका, रंग कंपनी आपल्या मनाने घालते. गाडीच्या पुस्तकात कोणता प्रकार लिहिला आहे ते बघा आणि दोन प्रकार मिसळू नका.

एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. समजा, पुस्तकाप्रमाणे गाडीत एकूण ४.५ लिटर बसतं. रेडिएटर रिकामा केल्यावर साधारण २.५ लिटर निघतं, उरलेलं २ लिटर इंजिनात आणि हीटरमध्ये राहतं. आतून साध्या पाण्याने धुतलं असेल तर ते २ लिटर निव्वळ पाणी आहे. त्यावर तयार मिसळलेलं, म्हणजे निम्मं पाणी असलेलं कूलंट २.५ लिटर ओतलं, तर आत कूलंटचं प्रमाण फक्त २८ टक्के होतं. म्हणून आतून धुतलेल्या गाडीत घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट घ्या: आधी २.२५ लिटर घट्ट कूलंट, मग पाव लिटर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे निम्मं-निम्मं होईल. आतून धुतलं नसेल आणि आतलं जुनं कूलंट त्याच प्रकारचं, स्वच्छ असेल तर तयार मिश्रण चालतं.

हवा काढणं

गाडीचं नाक चढावर ठेवा. बॅटरीची तार जोडा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि त्यातून बिनबुडबुड्याची धार आली की बंद करा. कूलंट बारीक धारेने ओता, मध्येच थांबून वरचा-खालचा पाइप हाताने दाबा. प्रत्येक दाबाला बुडबुडे वर येतील. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, बाजूची टाकीच दाबाखाली असते. तिथे टाकीतूनच भरायचं, कमाल खुणेच्या वर नाही.

झाकण उघडं ठेवून, तोंड बाजूला करून गाडी संथ चालू ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. उघडल्यावर पातळी एकदम खाली जाते, तेवढं भरा. दोन्ही पाइप गरम, हीटरमधून गरम वारा आणि फॅन एकदा लागून बंद झालेला, ही तिन्ही लक्षणं दिसल्याशिवाय झाकण लावू नका. कूलंट फुगून वर यायला लागलं तर मात्र गाडी बंद करून थंड होऊ द्या आणि मग पुढे चालू करा.

डॅशबोर्डचा काटा मधोमध आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सेन्सर हवेच्या फुग्यात असेल तर काटा खोटं सांगतो आणि हेड तापत राहतं. हीटरचा वारा थंड असेल तर आत हवा आहे, मग काटा काही म्हणो.

नंतर गावातल्या गावात दहा-बारा किलोमीटर फिरवा. मिरजेपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघा, पाव ते अर्धा लिटर कमी झालेली असू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, आणि स्क्रूच्या क्लिपा थंड असताना एकदा तपासा. पहिल्या आठवड्यात कुंभार्लीसारखा घाट टाळा आणि एक लिटर मिश्रण डिकीत ठेवा. आठवडाभरानंतरही रोज पातळी उतरत असेल आणि बाहेर कुठे डाग नसेल, तर वर लिहिलेली हेड गॅसकेटची लक्षणं पुन्हा तपासा आणि गाडी चालवणं थांबवा.

पार्ट बदलून हवा असेल तर रेडिएटरमध्ये कूलंट जाण्याआधी, खोक्यासकट आणि बिल घेऊन या. एकदा भरलेला रेडिएटर परत घेतला जात नाही. बनावटीच्या दोषासाठी वॉरंटी कार्डवरची मुदत लागू राहील, मात्र तुटलेलं तोंड आणि आडव्या झालेल्या पात्या त्यात येत नाहीत.