एकशिंगी गेंड्याचे संरक्षण

एकशिंगी गेंड्याचे संरक्षण : भारतीय किंवा एकशिंगी गेंडा (ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस) शिकारीमुळे नामशेष होऊ नये म्हणून मुख्यतः आसाम, पश्चिम बंगाल आणि नेपाळमध्ये शंभराहून अधिक वर्षे चाललेली व्यवस्था. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्राणी दोनशेच्या आसपास उरला होता. आज भारत आणि नेपाळ मिळून त्याची संख्या चार हजारांच्या घरात आहे. २०२२ च्या गणनेत आसाममधल्या, ब्रह्मपुत्रेकाठच्या एकट्या काझीरंगा राष्ट्रीय उद्यानात २,६१३ गेंडे मोजले गेले, म्हणजे जगातल्या दर तीन एकशिंगी गेंड्यांपैकी जवळजवळ दोन एकाच नदीकाठी राहतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ मध्ये ही जात ‘संकटग्रस्त’ गटातून ‘असुरक्षित’ या एक पायरी बऱ्या गटात आणली. तिच्या जवळच्या नात्यातले जावा आणि सुमात्रा येथील गेंडे मात्र प्रत्येकी शंभराच्या आत आहेत. व्हिएतनाममधला शेवटचा जावा गेंडा २०१० मध्ये गोळी लागून मेला.

एके काळी हा प्राणी सिंधूपासून ब्रह्मपुत्रेपर्यंतच्या गवताळ पूरमैदानांत होता. हडप्पाकालीन मुद्रांवर तो अंगावरच्या वळ्यांसकट कोरलेला दिसतो. १९७४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला तांब्या-ब्राँझच्या वस्तूंचा जो साठा मिळाला, त्यात हत्ती, रेडा आणि बैलांच्या गाडीबरोबर चाकांवर उभा असलेला एक गेंडाही आहे. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या परिसरात गेंड्यांची शिकार केली. पुढे हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतले गवत शेतीखाली आणि ब्रह्मपुत्रेचे खोरे चहाच्या मळ्यांखाली गेले, आणि उरलेल्या तुकड्यांत बंदुका शिरल्या. कूचबिहारच्या महाराजांच्या शिकारनोंदीत सदतीस वर्षांतले दोनशेहून अधिक गेंडे आहेत.

मराठीत निगरगट्ट माणसाला ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतात. गेंड्यावर हा थोडा अन्यायच आहे. त्याची कातडी जाड खरी, पूर्वी तिच्या ढाली करत. पण वळ्यांच्या आत ती मऊ आणि गुलाबी असते. तिथे गोचिड्या आणि माश्या त्याला सतावतात, म्हणून तो दिवसाचे तासन्‌तास चिखलात लोळून काढतो. रायफलच्या गोळीपुढे तर या कातडीचा काहीच उपयोग होत नाही.

शिंग आणि त्याची बाजारपेठ

आसामीत गेंड्याच्या शिंगाला खड्ग म्हणतात. नाव शस्त्राचे असले, तरी त्यात हाडही नसते. नखे आणि केस ज्या केराटिनाचे बनतात, त्याचेच ते घट्ट दाबलेले तंतू असतात. मोडले तर पुन्हा वाढते. भारतीय गेंड्याचे शिंग सरासरी पाऊण किलोच्या आसपास भरते, आफ्रिकी गेंड्यांच्या शिंगांपेक्षा बरेच लहान. चिनी पारंपरिक वैद्यकात त्याची पूड ताप उतरवण्यासाठी देत असत. ते कामोत्तेजक असल्याची समजूत चीनपेक्षा चीनबाहेरच्या लिखाणात जास्त आढळते. येमेनमध्ये जांबिया या कट्यारीच्या मुठीसाठी त्याला मागणी होती, आणि आपल्याकडे धर्मशास्त्रात पितृतर्पणासाठी खड्गपात्र उत्तम मानले आहे. चीनने १९९३ मध्ये या शिंगाच्या व्यापारावर आणि औषधी वापरावर बंदी घातली. ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार देशादेशांतला व्यापार त्याआधीच बंद झाला होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेंडा आहे. कागद भक्कम आहेत. तरीही व्हिएतनाम आणि चीनमधल्या चोरट्या बाजारात मिळणाऱ्या भावामुळे टोळ्यांना धोका पत्करणे परवडते.

शिकारीची पद्धत

गेंड्याच्या दोन सवयी त्याच्या जिवावर उठतात. तो रोज त्याच त्या वाटांनी जातो, आणि अनेक गेंडे ठरावीक जागी येऊन शेण टाकतात. माणसाच्या उंचीहून वाढलेल्या गवतात गेंडा शोधत हिंडण्यापेक्षा अशा ढिगाजवळ दबा धरणे सोपे. पूर्वी वाटेवर खड्डा खणून वर गवत पसरत. वीजवाहिनीवर तार टाकून तिचे दुसरे टोक वाटेवर लोंबत सोडण्याचे प्रकारही झाले. अलीकडे बहुतेक शिकार रायफलने, कधी आवाज दाबणारी नळी लावून, चांदण्या रात्री होते. टोळीत वाट दाखवणारा माणूस आसपासच्या गावातला असतो, नेमबाज बाहेरचा, आणि माल उचलणारा दलाल आणखी दूरचा. नागालँडमधले दिमापूर आणि म्यानमार सीमेवरचे मणिपुरातले मोरे ही ठिकाणे या व्यवहारात वारंवार पुढे येतात. गोळी लागल्यावर कुऱ्हाडीने शिंग मुळापासून तोडून टोळी पसार व्हायला काही मिनिटे पुरतात. दोन टनांचे धूड मागे पडते आणि पुष्कळदा ते कुठे आहे हे पहिल्यांदा कळते ते आकाशात घिरट्या घालणाऱ्या गिधाडांवरून. मादी मारली गेली तर नुकसान दुहेरी : गाभण काळ सुमारे सोळा महिन्यांचा, दोन विणींत साधारण तीन वर्षांचे अंतर, आणि आई गेलेले लहान पिल्लू वाघाच्या तोंडी जाते.

काझीरंगाची घडण

काझीरंगाची गोष्ट १९०४ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांच्या पत्नी मेरी कर्झन इथे आल्या आणि त्यांना गेंड्याच्या पावलांच्या ठशांपलीकडे काही दिसले नाही, इथून सांगण्याची प्रथा आहे. १९०५ मध्ये २३२ चौ. किमी. क्षेत्र राखीव वनासाठी प्रस्तावित झाले. तेव्हा तिथे डझनभरच गेंडे उरले असावेत असे मानतात. १९०८ मध्ये राखीव वन, १९१६ मध्ये शिकारीसाठी राखलेले क्षेत्र, १९५० मध्ये अभयारण्य आणि १९७४ मध्ये ४३० चौ. किमी.चे राष्ट्रीय उद्यान, असे त्याचे टप्पे आहेत. १९८५ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले. १९६६ च्या गणनेत ३६६ गेंडे होते, १९८४ मध्ये १,०८०, २००९ मध्ये २,०४८.

हे आकडे चढत गेले ते मुख्यतः पायी गस्तीमुळे. उद्यानात गस्तीच्या दोनशेच्या वर छावण्या आहेत. पुष्कळशा छावण्या खांबांवर उभ्या, चढायला शिडी, खाली बांधलेली होडी. एकेका छावणीत वनरक्षक, नावाडी आणि हंगामी कामगार मिळून चार-पाच जण राहतात. शिधा आठवड्या-पंधरवड्याने येतो. वर्षानुवर्षे त्यांच्या हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल होती आणि समोरच्याकडे अनेकदा स्वयंचलित शस्त्रे. गस्त पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. चिखलात अनोळखी बुटाचा ठसा दिसतो का, कुणी गवत वाकवून वाट केली आहे का, हे पाहत ती चालते. दाट गवतात कुनकी, म्हणजे माणसाळवलेल्या हत्तीवरून, बीलांत (नदीच्या जुन्या पात्रांतली तळी) होडीतून. उष्णतेवर चालणारे कॅमेरे, ड्रोन, गेंड्यांसाठीचे खास दल हे सगळे गेल्या दशकभरातले. मेलेल्या गेंड्याच्या शिंगावरून तो कोणत्या भागातला हे ओळखण्यासाठी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने डीएनए नोंदींचा संग्रह उभारला आहे. पण ठसा पाहणारा माणूस जागेवर नसेल, तर या साधनांना पाहण्यासारखे फार काही उरत नाही.

पहारा उठला तेव्हा

पहारा उठला की गेंडे मारले जातात, हे अनुमान नाही, तीनदा घडलेले आहे. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला नगाव जिल्ह्यातल्या लाओखोवा अभयारण्यात १९८० च्या सुमारास गेंड्यांची चांगली वस्ती होती. आसाम आंदोलनाच्या धामधुमीत, १९८३ मध्ये, बंदोबस्त कोलमडला आणि अल्पावधीत सगळे गेंडे मारले गेले. आसाममधल्याच मानस अभयारण्याच्या परिसरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या राज्यासाठीची बोडो चळवळ पेटली, वनखात्याच्या छावण्या जळाल्या, माणसे बाहेर पडली. तिथले शंभरच्या आसपास असलेले गेंडे पुढच्या काही वर्षांत संपले, आणि १९९२ मध्ये मानसचे नाव धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेले. ते २०११ मध्ये निघाले. नेपाळमधल्या चितवनला पहारा लष्कराचा आहे. माओवादी बंडाच्या काळात विखुरलेल्या चौक्या मोडून सैनिक मोजक्या ठिकाणी एकत्र केले गेले. २००० मध्ये ५४४ असलेले गेंडे २००५ मध्ये ३७२ वर आले. बंड थांबले, चौक्या परत उभ्या राहिल्या, आणि २०११ हे वर्ष नेपाळने एकही गेंडा न गमावता काढले. संपूर्ण नेपाळची २०२१ ची संख्या ७५२ आहे.

यातल्या एकाही ठिकाणी गवत कमी झाले नव्हते, पाणी आटले नव्हते, रोग आला नव्हता. लाओखोवाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे अधिवास पुढेही होता, नव्हते ते फक्त गेंडे.

बळाचा वापर आणि वाद

२०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत आसामने प्रत्येकी २७ गेंडे शिकारीत गमावले. २०२१ मध्ये शिकारविरोधी कृती दल नेमले गेले, आणि २०२२ मध्ये राज्यात एकही शिकार झाली नाही. असे १९७७ नंतर प्रथमच घडले. या यशाला दुसरी बाजू आहे. जुलै २०१० मध्ये राज्य सरकारने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ खाली वनकर्मचाऱ्यांना कर्तव्य बजावताना केलेल्या गोळीबाराबद्दल कायदेशीर संरक्षण दिले. त्यानंतर काझीरंगा उद्यानात मारल्या गेलेल्या संशयितांच्या संख्येवर टीका होऊ लागली. २०१६ मध्ये रक्षकांच्या गोळीने सात वर्षांचा एक मुलगा जबर जखमी झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उद्यानालगतच्या बांदरडुबी आणि परिसरात उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार घरे हटवताना पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले. २०१७ मध्ये बीबीसीने या विषयावर माहितीपट दाखवला, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र प्रकल्पांत चित्रीकरण करण्यास त्या संस्थेला पाच वर्षे मनाई केली. मनाईने प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. टोळीला वाट दाखवणारा माणूस काठच्या गावातून येतो हे वनखातेच सांगते. मग त्या गावाशी संबंध बिघडवणे पहाऱ्यालाही महाग पडते.

पूर आणि महामार्ग

पूर गेंड्याचा शत्रूही आहे आणि पोशिंदाही. दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा उद्यानात शिरते, बीले भरते, गाळ टाकते, आणि त्या गाळावर नवे गवत येते. पाणी फार चढले की प्राणी दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. वाटेत राष्ट्रीय महामार्ग आडवा येतो. पुराच्या दिवसांत तिथे वाहनांना ताशी ४० किमी.ची मर्यादा असते. वाहनचालकाला एका नाक्यावर वेळ लिहिलेले कार्ड देतात आणि पुढच्या नाक्यावर ते तपासतात. लवकर पोहोचला तर दंड. याच दिवसांत छावण्या पाण्याने वेढलेल्या आणि गेंडे उंचवट्यांवर उघड्यावर आलेले, म्हणून शिकाऱ्यांचीही ही सुगी. वाहून आलेल्या किंवा आईपासून तुटलेल्या पिल्लांना काझीरंगाजवळच्या वन्यजीव पुनर्वसन केंद्रात बाटलीने दूध पाजून वाढवतात. २००२ पासून चालू असलेल्या या केंद्रातली काही पिल्ले मोठी झाल्यावर मानसमध्ये सोडली गेली.

शिंगांची होळी आणि नवे प्रदेश

नैसर्गिक मृत्यू आलेल्या गेंड्यांची आणि जप्त केलेली शिंगे आसामच्या सरकारी कोषागारांत दशकानुदशके साठत होती. तीच चोरली जाण्याची भीती होती, आणि सरकार कधीतरी विकेल ही आशा बाजाराला होती. २२ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक गेंडा दिनी, काझीरंगाजवळच्या बोकाखात येथे २,४७९ शिंगे भट्ट्यांत जाळण्यात आली. ९४ शिंगे वारसा म्हणून राखून ठेवली.

सगळे गेंडे एकाच पुरात किंवा एकाच साथीत सापडू नयेत म्हणून ते इतरत्र नेण्याचे प्रयत्न आधीपासून चालू आहेत. १९८४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दुधव्यात आसामहून गेंडे नेले. पाठोपाठ नेपाळने चार माद्या दिल्या आणि त्यांच्या बदल्यात भारताने सोळा माणसाळवलेले हत्ती दिले. २००५ मध्ये आखलेल्या ‘इंडियन ऱ्हायनो व्हिजन २०२०’ या योजनेखाली २००८ पासून आसाममधलेच पबितोरा अभयारण्य आणि काझीरंगा इथून गेंडे मानसला गेले. त्यातले काही तिथे मारलेही गेले, तरी २०२२ मध्ये मानसची संख्या ४० होती. पबितोरात मात्र जेमतेम ३९ चौ. किमी.त १०७ गेंडे दाटीने राहतात आणि चरायला लगतच्या शेतांत उतरतात. लाओखोवात नेऊन सोडलेले गेंडे टिकले नव्हते. तिथे चाळीस वर्षांनी दोन गेंडे आपले आपण येऊन राहिल्याचे आसाम सरकारने अलीकडे सांगितले आहे.